पाकिटाची ऊब

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आमच्या ह्यांनी पाकिटाऐवजी मोबाईल ठेवला. "राणी, आता सगळं ह्याच्यावरच भागतंय. पाकिटाचं काय काम न्हाई," म्हणाले. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी मिरजेहून हौसेनं आणलेलं चामड्याचं पाकीट कपाटात गेलं.

पाडव्याला कपाट उघडलं, तर पाकीट हाताला ऊन लागलं. कुणी आत्ताच खिशातून काढून ठेवावं तसं.

मग ते रोजच ऊन लागायचं. हे कुपवाडला कारखान्यात, आणि पाकीट इथं, कुणी त्यावर बसून उठल्यासारखं वाकलेलं. वर ग्रीसचा वास. मला वाटलं, हे चोरून वापरतात. मोबाईलवर दिसू नये म्हणून कुणाला तरी रोख देतात. विचारलं, तर नुसते हसले. मी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

आज संध्याकाळी कुलूप काढून पाकीट हातात घेतलं. ऊनच होतं. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि हे आत आले.

मी रागानं त्यांचा हात धरला. "आवं, दुसरी किल्ली कवा करून घेतली?"

हात मोबाईलच्या काचेसारखा गार होता. दंड गार. गालही गार.

माझ्या मुठीतलं पाकीट मात्र शहारलं. माझा हात लागला की पूर्वी हे शहारायचे, अगदी तसं.

"कसली किल्ली?" ते म्हणाले. "भूक लागलीया, वाढ की."

दिवाळीपासून रोज वाढतेय मी. कुणाला?