न उघडलेली यादी

भर सभेत मी अहवालातल्या यादीच्या चिन्हावर तिसऱ्यांदा क्लिक केलं, तरी यादी उघडेना. तिच्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या मुलांची नावं होती आणि मंजुरी आजच मिळायची होती.

“मॅडम, यादी जोडलीच नाहीत?” मी अहवाल तयार करणाऱ्या कॉम्प्युटर ऑपरेटर हेमांगी कुडाळकरांवर ओरडलो.

त्या उभ्या राहिल्या. “जोडलीय सर. माझ्या कॉम्प्युटरवर उघडते.”

“मग सभा तुमच्या टेबलावर घ्यायची का?”

सगळे हसले. त्या खाली बसल्या. विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला.

दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे फर्नांडिस आले. त्यांनी फाइल पुन्हा उघडून वरची पिवळी पट्टी दाखवली. “सर, मेलवरून आलेली फाइल आधी फक्त वाचायला उघडते. हे बटण दाबल्याशिवाय आत जोडलेलं काही उघडत नाही.” त्यांनी बटण दाबलं आणि यादी समोर आली. एकोणीस मुलं होती. सकाळी ती पट्टी मीच वैतागून बंद केली होती.

मी कुडाळकरांच्या टेबलाशी गेलो. त्या फोनवर एका मुलाच्या आईला सांगत होत्या, “नाही हो ताई, यादी माझ्याकडूनच राहिली. पुढच्या महिन्यात नक्की होईल.”

माझे कान तापले. मी फोन मागून घेतला. “मी इथला अधिकारी, डॉक्टर देवस्थळी. चूक मॅडमची नाही, माझी आहे.”

पलीकडून ती आई घाईघाईने म्हणाली, “असू द्या साहेब. पण त्या बाईंना रागावू नका.”