चार नंबरचा आवाज

“काका, नीट ऐकून सांगा, यातले तुम्ही कोणते?”

नवाबला प्रश्नच कळला नाही. समोरच्या लॅपटॉपमधून त्याच्याच गाण्याचं पहिलं कडवं दोनदा वाजून गेलं होतं. तोच बास, तीच मागे रेंगाळणारी गिटार, तेच शब्द. आवाज मात्र दोन होते. पहिला तीन नंबरचा. दुसरा, चार नंबरचा, साऱ्या गावाला पाठ होता. तो रेकॉर्डवर होता, आणि रेकॉर्डच्या नारिंगी लेबलावर गेली शेहेचाळीस वर्षं नवाबचं नाव होतं.

“हा काय, चार नंबर,” तो म्हणाला. “यात विचारायचं काय?”

लॅपटॉप घेऊन आलेल्या बाई जरा ओशाळल्या. रेगे संगीताच्या रेकॉर्ड काढणारी ती जुनी कंपनी केव्हाच बंद पडली होती. आता तिच्या सन्मानासाठी बारा रेकॉर्ड आणि एक जाडजूड पुस्तक अशी पेटी निघणार होती. पेटीचं सगळं काम या बाईंकडे होतं आणि पेटीतलं पहिलंच गाणं नवाबचं होतं. पुस्तक छापायला जाणार, तेवढ्यात मूळ टेप सापडली आणि घोडं अडलं. बाईंनी टेपच्या डब्याचा फोटो पुढे केला. कंपनीच्या मालकाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : तीन, नवाब. चार, शिंपी.

“मालक हे मागाहून आठवून लिहायचे म्हणे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे चूक डब्यावर असेल, नाहीतर लेबलावर. म्हणून तुमच्याकडे आले.”

नवाबचं डोकं चक्रावलं. ती दुपार त्याला लख्ख आठवत होती आणि तरी कामाचं काहीच आठवत नव्हतं. कंपनीची रीतच तशी होती. सकाळी वादक एक चाल वाजवून टेपवर घेत आणि जेवणानंतर बाहेर रांगेत उभी असलेली पोरं एकामागून एक त्याच चालीवर तेच गाणं गात. त्यातलं मालकाला आवडेल त्याची रेकॉर्ड निघायची. त्या वर्षी एक गायक फार गाजत होता, म्हणून सगळी पोरं त्याच्यासारखीच नाकातून गात होती. त्याचा दोस्त शिंपी रांगेत नवाबच्या मागेच उभा होता. दोन महिन्यांनी निरोप आला, तुझी रेकॉर्ड निघाली. दुकानाबाहेर कपाटाएवढ्या स्पीकरवर ती वाजत होती, लोक नाचत होते आणि मित्रांनी नवाबला खांद्यावर घेतलं होतं. लेबलावर आपलं नाव दिसल्यावर आवाज कोण पारखून घेतो?

पुढे जन्मभर तो ते गाणं स्टेजवर गात आला आणि गाता गाता थेट रेकॉर्डसारखं गायला शिकला. आता त्यात खरा नवाब किती आणि नक्कल किती, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

“परत लावा,” तो म्हणाला.

तीन ऐकताना वाटलं, हा मी. चार ऐकताना वाटलं, छे, मी तो हाच.

शिंपी जाऊन दोन वर्षं झाली होती. नवाबचे स्टेजवरचे सगळे कोट त्यानेच शिवले. दुकानातल्या रेडिओवर हे गाणं लागलं की तो मशीनवरचा पाय काढून घ्यायचा आणि गाणं संपेपर्यंत सुईकडे बघत बसायचा. नवाबला वाटायचं, दोस्ताला आपलं केवढं कौतुक. शिंप्याला ठाऊक होतं? ठाऊक होतं तर बोलला का नाही? की त्याचंही असंच होत राहिलं, कधी हा मी, कधी तो मी?

“काका, तुम्ही म्हणाल ते छापू,” बाई म्हणाल्या. “विचारायला दुसरं कुणी उरलंच नाही.”

म्हणजे काम सोपं होतं. चार म्हटलं की मिटलं. पण नवाबला खात्री हवी होती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याच्यासाठी ती आजवर सगळ्या जगाशी भांडली होती.

“अगं, तू सांग ना यांना.”

“तीन,” ती मान वर न करता म्हणाली.

भरवशाच्या म्हशीला टोणगा. “नीट ऐकलंस का पण?”

“त्यात ऐकायचं काय? प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द गिळलाय. कुणी हिसकावून घेणार असल्यासारखा. आंघोळीला गेल्यावर टॉवेल मागता, तो असाच.”

हसावं की नाही, बाईंना कळेना. नवाबला हसूही येईना आणि रागही. आयत्या बिळावर नागोबा होऊन तो आयुष्यभर बसला होता, आणि बीळ आयतं आहे हे नागोबालाच माहीत नव्हतं. त्याला लाज वाटली. मग लाज का वाटावी तेही कळेना, कारण त्याने चोरलं तर काहीच नव्हतं.

“शिंप्याचं नाव घाला,” तो शेवटी म्हणाला. “त्याची मुलगी पलीकडच्या चौकात राहते. एक पेटी तिला द्या.”

“आणि तुमचं नाव?”

“मी त्यात आहेच कुठे?”

“तीन नंबर कधी बाहेर आलंच नाही, काका. शेवटच्या रेकॉर्डवर जागा आहे. घालता येईल.”

“मग पूर्ण लावा एकदा,” तो म्हणाला.

बाईंनी लावलं. बायकोने हातातला सदरा तसाच मांडीवर ठेवला. विशीतला कुणी पोरगा धापा टाकत गात होता. दुसऱ्या कडव्यात तर तो चक्क चाल सोडून भलतीकडे गेला आणि कसाबसा परत आला. नवाब अवघडून ऐकत होता. हा पोरगा आपल्याला आवडला की नाही, ते त्याला ठरवता येत नव्हतं. गाणं संपलं.

“छान गायलात हो,” बायको म्हणाली.

“शेहेचाळीस वर्षांत हे कधी म्हणाली नव्हतीस.”

तिने सदरा उचलला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

“तुम्हाला ऐकलं कुठे होतं?”