कोपरा नसलेलं कार्ड

काशीनाथकाका ओट्यावर बसून पेज पीत होते आणि त्यांच्या नावाने मुंडण केलेला त्यांचा पुतण्या प्रवीण समोर अंगणात उभा होता.

मिशीही काढलेली. डोकं इतकं तुळतुळीत, की कोंबड्या बिचकून कुंपणापलीकडे पळाल्या. मागे बायको वर्षा, पांढऱ्या साडीत, हातात पिठलं-भाताचा डबा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेला. इथे तर आतून बोंबील भाजल्याचा वास येत होता.

"पव्या!" काकांनी वाडगा खाली ठेवला. "अरे, केसांना काय झालं?"

"उवा," प्रवीण म्हणाला. दुसरं काही सुचेना. "शाळेतल्या मुलांच्या."

"मिशीतपण?"

"चढल्या."

"उतरल्या म्हण."

गंजाडहून काकांचं पोस्टकार्ड दर आठवड्याला डहाणूला प्रवीणकडे यायचं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. फोनवर माणसं नुसती हं हं करतात, म्हणून दोन हजार सतरा साल उजाडलं तरी काका लिहायचे. वांग्यांना फुलं किती, शेजारचा काकड्या कोणाशी भांडला, गुडघा काय म्हणतो. कार्ड यायचं आणि चपलांच्या कपाटावर पडायचं. प्रवीण मास्तर माणूस, दिवसभर पोरांच्या वह्या वाचून दमलेला.

काल आलेल्या कार्डाला मात्र कोपरा नव्हता. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं. ते घरात नेत नाहीत. वर्षाने उंबऱ्याबाहेरच त्याचे तुकडे केले. कार्ड गंजाडचं, काका ऐंशीचे. आणखी वाचायचं काय? प्रवीणने घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा फोटो हार घालून टाकला आणि न्हाव्याकडे गेला. क्रियेला बसणार तर तोच.

"कार्ड मिळालं म्हणायचं," काका म्हणाले. "मला धाकधूक होती. ही काळी बघ." त्यांनी खुंट्याला बांधलेल्या शेळीकडे बोट केलं. "कोपराच खाल्ला हिने. घरात दुसरं कार्ड नाही. मग पहिल्याच ओळीत लिहिलं, कोपरा शेळीने खाल्ला, मी खडखडीत आहे, घाबरू नका. वाचलंस ना?"

"वाचलं ना. दोनदा वाचलं."

"मला तर हसू आवरेना," वर्षा म्हणाली आणि तिने डबा पदराखाली घेतला.

काका असे खुलले, की दहा वर्षांनी लहान झाले. "काकड्या!" त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "म्हणत होतास ना, शहरात कोण वाचतं? हा बघ, वाचून धावत आला!" मग वळून म्हणाले, "बरं, नाव काय ठरवलंस?"

"कोणाचं?"

"शेवटी लिहिलं नव्हतं का? काळीच्या पिल्लाचं."

"हां, हां. विचार चाललाय."

लाज वाटली की माणसाचे कान लाल होतात. प्रवीणची पार टाळूपर्यंत दिसली. तो मोबाईल वर धरून अंगणभर फिरू लागला. ग्रुपवरचा फोटो काढायला हवा होता. रेंज मिळेना. आंब्याखाली नाही, विहिरीजवळ नाही.

मिळाला तो टेम्पोचा आवाज.

टेम्पोतून आधी रडणं उतरलं, मग सुधाआत्या उतरली. काकांची धाकटी बहीण. चाळीस वर्षं वलसाडला राहिलेली, त्यामुळे बोलते मराठीत आणि रडते गुजरातीत. "मारा भाई रे!" तो आवाज ऐकून वरोरच्या कोळ्यांनी वादळ आलं समजून होड्या माघारी वळवल्या म्हणतात. मागून आठ-दहा नातेवाईक, नाकाला रुमाल लावून.

आत्याने रडणं मध्येच तोडलं. "तू जिवंत?"

"आहे जरासा," काका म्हणाले. "तू का रडतेस?"

"मग ग्रुपवर फोटो कोणी टाकला?"

सगळ्यांच्या माना प्रवीणकडे वळल्या.

"कार्ड आलं होतं," तो पुटपुटला. "कोपरा फाटलेला."

"आणि त्यावर काय लिहिलं होतं?"

प्रवीणने मोबाईल खिशात घातला.

काकांनी त्याचं डोकं पाहिलं. वर्षाची साडी पाहिली. तिच्या पदराखालून डोकावणारा डबा पाहिला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. कुंपणापलीकडे काकड्याने तोंड उघडलं. काकांनी डोळे वटारले, तसं ते मिटलं.

"काही नव्हतं लिहिलेलं," काका म्हणाले. "कोरं कार्ड टाकलं मी. कोपरापण मीच फाडला. म्हटलं, बघू तरी कोण कोण येतं."

मग काय विचारता! "जनाची नाही, मनाची तरी लाज बाळग, म्हाताऱ्या!" आत्या कडाडली. "तलासरीपासून रडत आलेय मी!" कोणी म्हणालं, चळलाय. कोणी म्हणालं, एकटं राहून असंच होतं. काका खाली मान घालून ऐकत राहिले. खरी पहिली ओळ त्या अंगणात काकांना ठाऊक होती, वर्षाला, आणि प्रवीणला.

ती ओळ प्रवीणच्या ओठांपर्यंत आली. पण तेवढ्यात आत्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बिचाऱ्या पोराने केस दिले तुझ्यासाठी," ती काकांना म्हणाली. सगळे त्याच्याकडे मायेने बघत होते.

प्रवीण पुढे झाला.

"काका," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या वयात असली थट्टा शोभते का तुम्हाला?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडले.

"चुकलं, मास्तर."