फर्म्याबाहेरचं पान

दार वाजतं, आई कडीवर हात ठेवते आणि पडदा काळा होतो. सिनेमा तिथंच संपला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कुणा बाईनं मोठ्यांदा विचारलं, की अहो, पण दाराशी होतं कोण? चित्रपटगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेली वीस मिनिटं त्यावरच हसणं चाललं होतं.

फिल्म क्लबची मंडळी होती. सचिवाचं म्हणणं, तिकीट देण्याआधी माणसाची छोटी परीक्षाच घ्यावी. दंतवैद्य म्हणाला, की अंधारात कोण कुठल्या दाढेनं चावतंय हे आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं, आणि आज सगळ्या दाढा किडक्या होत्या. डावीकडचा एकजण अकरा वेळा खोकला, हेही त्यानं मोजलं होतं. तो खोकणारा आता शेवटच्या खुर्चीत बसलेला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच दंतवैद्य आवाज चढवून बोलत होता.

मग गाडी पुस्तकावर आली. सिनेमा एका जुन्या कादंबरीवरचा होता, आणि त्या कादंबरीच्या शेवटावर क्लबातल्या प्राध्यापिकाबाईंनी डॉक्टरेट मिळवली होती. न उघडलेलं ते दार त्या बावीस वर्षं वर्गात शिकवत होत्या. दिग्दर्शकानं शेवटाला हात लावला नाही, एवढ्यासाठी त्यांनी त्याला बाकीचं माफ केलं. सचिवाच्या मते दाराबाहेर मृत्यू होता. दंतवैद्याच्या मते बाहेर कुणीच नव्हतं, आईला भास झाला होता. बाईंनी दोघांचंही, पोरांचे पाढे ऐकावेत तसं ऐकून घेतलं.

"लेखिकेचा वाचकावर विश्वास होता," त्या म्हणाल्या. "उत्तर मागतो तो वाचकच नव्हे."

"बाहेर मुलगा असतो," शेवटच्या खुर्चीतला म्हातारा म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. ज्या छापखान्यात ती कादंबरी पहिल्यांदा छापली गेली, तिथं तो प्रुफं तपासायला होता. त्यानं सावकाश, मध्ये दोनदा खोकून, सांगितलं. पुस्तक छापायचं ते सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत. बारा फर्मे भरले आणि अकरा ओळी उरल्या. अकरा ओळींसाठी तेरावा फर्मा कोण घालणार? मालक म्हणाला, एकशे ब्याण्णव पानावर 'समाप्त' टाक. लेखिका तेव्हा इस्पितळात होत्या, त्यांना विचारायला कुणी गेलं नाही. यानं 'समाप्त' टाकलं. पुस्तक बांधून आलं त्याच्या आठ दिवस आधी त्या गेल्या.

"बोलायला हवं होतं मी," तो म्हणाला. "नोकरी होती. दोन मुली होत्या. एकतीस वर्षं झाली."

त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला, त्या अकरा ओळींच्या प्रुफाचा कागद काढला. पिवळा पडलेला, पण अक्षरं स्वच्छ. आई दार उघडते. बाहेर पळून गेलेला मुलगा उभा असतो. ती क्षणभर बघते आणि म्हणते, पाय पुसून ये. छापलं होतं 'पाय पुसून आत ये'. त्यातला 'आत' निळ्या शाईनं खोडून समासात लेखिकेनं स्वतःच्या हातानं वाक्य पुन्हा लिहिलं होतं.

आता कुणीतरी आपल्याला फैलावर घेईल, या तयारीनं तो बसला होता. एवढी वर्षं त्यानं ते बोलणं मनात ऐकलं होतं, त्यावरची उत्तरंही जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. दंतवैद्यानं कागद वाचून सचिवाकडे सरकवला आणि म्हाताऱ्याला विचारलं, की कसली औषधं चालू आहेत. सचिव खो-खो हसला.

"पाय पुसून ये? ही तर घरगुती मालिका झाली," तो म्हणाला. "मालकानं कादंबरी वाचवली म्हणायची."

कागद सगळ्यात शेवटी प्राध्यापिकाबाईंकडे गेला. प्रबंधासाठी त्यांनी लेखिकेची साठेक पत्रं वाचली होती. तीच निळी शाई, मोडल्यासारख्या मात्रेचा, खाली वळणारा तोच 'ये'. बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. खोलीतले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"हे अक्षर त्यांचं नाही," त्या म्हणाल्या.

झालं. सचिवानं सभा संपल्याचं सांगितलं, पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि आजारी माणसांनी घरी आराम करावा अशी सूचना, कुणाचंही नाव न घेता, केली. खुर्च्या सरकल्या. कागद बाईंच्याच हातात राहिला होता, म्हणून म्हातारा जिन्यात कठड्याला धरून त्यांची वाट बघत थांबला.

त्या सगळ्यांच्या मागून आल्या. त्यानं हात पुढे केला. बाईंनी वर-खाली पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"याची दुसरी प्रत आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही."

बाईंनी कागद पर्समध्ये घातला आणि चेन टोकापर्यंत ओढली. मग दुपारभरात पहिल्यांदाच मऊपणानं म्हणाल्या, की काका, आता या वयात एवढी दगदग करू नका.

म्हाताऱ्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"ठेवा, मॅडम," तो म्हणाला. "अकराच ओळी आहेत. पाठ आहेत मला."

आणि तो जिना उतरू लागला. खाली पुढच्या खेळाची रांग लागली होती.