क्षमेचा तास

“सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा,” लॉरेन्स सर म्हणाले आणि फळ्यावर ‘क्षमा’ हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

समोर चौदा जोडपी बसली होती. सगळ्यांची लग्नं ठरलेली. विवाहपूर्व शिबिराचं सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागत नाही, म्हणून पापडी गावच्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा रविवार चालला होता. क्षमेचा तास दरवर्षी लॉरेन्स सरांचा. शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको मॅग्डलीन बसायची. बोलायचं सरांनी, हसून मान डोलवायची तिनं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

सरांनी पहिल्या भांडणाची गोष्ट सांगितली. लग्नानंतर आठवड्याभरातच मॅग्डलीननं बोंबलाच्या कालवणात दोनदा मीठ घातलं होतं, आणि सर ताटावरून उठले होते. मुलं हसली. मॅग्डलीन आज हसली नाही. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

“छत्तीस वर्षांत आमच्या घरी एकाही संध्याकाळची रोझरीची प्रार्थना चुकलेली नाही,” सर म्हणाले. “एकत्र गुडघे टेकले की मनात काही राहत नाही. कुणाला काही विचारायचंय?”

खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. ॲनिशा तिचं नाव. तिच्या शेजारी बसलेल्या एरॉलनं तिला कोपरानं हळूच थांबवलं, तरी ती उभी राहिली.

“अंकल, माझे पप्पा एरॉलच्या घरी पाय ठेवत नाहीत. जुनं काहीतरी आहे. आमच्याकडे पण रोज रोझरी होते. मग ते मनातून का जात नाही?”

सर हसले. “प्रार्थना मनापासून पाहिजे, बाळा. पप्पांसाठी रोझरीतली एक मिस्ट्री रोज म्हण.”

“मी सांगू?” मॅग्डलीन म्हणाली.

सरांनी वळून पाहिलं. मग खडू खाली ठेवून तिला जागा दिली.

ती उठली नाही, बसूनच बोलली. “आम्हाला एक मुलगा आहे. ॲल्रॉय. दोन वर्षांपूर्वी त्यानं रजिस्टर लग्न केलं. मुलगी अर्नाळ्याची, हिंदू. संपदा. त्या दिवसापासून तो आमच्या घरी आलेला नाही, कारण ह्यांनी त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलंय.”



“मॅग्डलीन,” सर हळूच म्हणाले.

“रोझरी आमची चुकत नाही, हे खरं आहे. हे सगळ्यांची नावं घेऊन मागणं मागतात, पोप साहेबांसाठी, शेजारच्या आजाऱ्यांसाठी. ॲल्रॉयचं नाव मी मनात घेते. एकदा मोठ्यानं घेतलं, तर हे माळ खाली ठेवून उठून गेले.” तिनं ॲनिशाकडे पाहिलं. “आणि मी पण काही फार चांगली नाही. दर बुधवारी देवळात नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते म्हणून घरातून निघते आणि नालासोपाऱ्याला जाते. तिथं माझी नात आहे, चार महिन्यांची. देवळाचं नाव सांगून मी नवऱ्याशी खोटं बोलते. तुझ्या पप्पांचं मला माहीत नाही, बाळा. आमच्या घरातलं का जात नाही, ते मला माहीत आहे. आम्ही देवाशी रोज बोलतो. एकमेकांशी नाही.”

ॲनिशा उभीच होती. एरॉलनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि हात तसाच धरून ठेवला.

सरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. अजून वीस मिनिटं बाकी होती.

“चहा घेऊ या,” ते म्हणाले. “बाहेर ठेवलाय.”

मुलं खुर्च्यांचा आवाज न करता बाहेर गेली. हॉलमध्ये दोघंच उरली.

“हे इथं बोलायचं होतं?”

“घरी तुम्ही उठून जाता. इथं तुम्हाला जाता येत नव्हतं.”

रागानं सरांचा श्वास मोठ्यानं चालला होता. मग तो हळूहळू संथ झाला. फळ्याच्या कडेला हात टेकून, तिच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, “बाप्तिस्मा झालाय तिचा?”

मॅग्डलीननं पर्स खांद्याला लावली.

“आधी तिला मांडीवर घ्या. मग विचारा.”

“कुठं निघालीस?”

“नालासोपाऱ्याला. ह्या वेळी सांगून जाते.”

ती दारापर्यंत जाऊन थांबली. त्यांनी यावं म्हणून थांबली, की चप्पल नीट करायला, ते सरांना कळलं नाही. त्यांचा पाय उचलला नाही. बाहेर चहा पिणाऱ्या मुलांनी तिला वाट करून दिली. मग रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

चहा संपवून मुलं आत आली, जोडीजोडीनं आपापल्या जागी बसली. पुढचा तास डॉक्टर बाईंचा होता. त्यांनी फळा पुसायला घेतला आणि मागे नजर जाताच त्या थांबल्या. अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीजवळच्या खुर्चीवर, लॉरेन्स सर बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती.

“सर, तुम्ही?” डॉक्टर बाई म्हणाल्या. “तुमचा तास झाला ना?”

“झाला,” सर म्हणाले. “तुम्ही सुरू करा. मी ऐकायला बसलोय.”