धनेश आणि टायगर शार्क

बायकोला पलंगावरच जेवू घालून लिफ्ट-मेकॅनिक रिकामं ताट घेऊन बाहेर आला. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी खाली पाय टेकवायलाही बंदी केली होती. त्याने भाजीचं पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं. टेबलाशी बायकोची मुलगी वर्गात करायचं भाषण पुटपुटत होती. आईच्या पहिल्या लग्नाची ही मुलगी त्याला काका म्हणायची आणि कामापुरतंच बोलायची.

"मोठ्याने म्हण की. मलाही कळू दे."

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. टायगर शार्कचं तसं नसतं. पिल्लं जन्मली की आपापल्या वाटेने पोहत जातात. आई बघत नाही. बाप तर कुठे असतो कोण जाणे."

"छान! मग दोघांत भारी कोण?"

"शार्क. त्याला कुणाची गरजच पडत नाही."

तो पातेलं ढवळत राहिला.

"काका, ढोलीत आधीचं, दुसऱ्याचं पिल्लू असलं तर? धनेश त्याला भरवतो?"

त्याचा हात थांबला. 'हो' म्हणून मोकळं व्हावं, असं त्याला वाटलं. पण ही पोर थापा पचवणाऱ्यातली नव्हती.

"ते मला ठाऊक नाही गं. तुझ्या बाईंना विचार."

"विचारलं. त्यांनाही माहीत नाही." मग खाली मान घालून ती म्हणाली, "बाळ आलं की मी मावशीकडे राहायला जाणार आहे. ठरलंय माझं."

त्याने गॅस बंद केला.

"जा," तो म्हणाला. "पण परत कधी यायचं ते सांगून जा. मी न्यायला येईन."

"आणि त्याच दिवशी कुणाची लिफ्ट अडकली तर?"

"तर उशीर होईल. पण येईन."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याने तिच्या ताटात वाढलं आणि पातेलं घेऊन तसाच उभा राहिला.

"काय चाललंय रे दोघांचं?" आतून हाक आली.

मुलीने उठून दुसरं ताट काढलं, आपल्या शेजारी मांडलं.

"काही नाही गं आई! आम्ही जेवायला बसतोय."