पाच वर्षांची वर्गणी

डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी तिसऱ्यांदा नंबर पुकारला, तरी आई जागची हलेना.

"एवढं पान होऊ दे," ती म्हणाली.

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि हातात दवाखान्याच्या टेबलावरचं विज्ञान-तंत्रज्ञानाचं मासिक होतं. मुलाने ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि तिला आत नेलं.

डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं. एक झडप निकामी होत चालली होती, ती बदलायला हवी होती. ऑपरेशन केलं तर आजी ठणठणीत होतील. नाही केलं, तर एखादं वर्ष, फार तर. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही.

आईने चित्र निरखून पाहिलं. तिचा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला होता.

"डॉक्टर, विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं की ते ठिगळाच्या कडेनंच फाटतं. असे कपडे मी गिऱ्हाइकाला हात जोडून परत द्यायचे. तुम्हीही द्या."

असं म्हणून तिने खरोखरच हात जोडले आणि ती उठली. बाहेर पडताना तिने ते मासिक शांतपणे आपल्या पिशवीत टाकलं.

"आई, अगं, ते दवाखान्याचं आहे!" मुलगा लाजेने अर्धमेला झाला.

"मग? मला नाही का त्यांनी तासभर दवाखान्यात ठेवून घेतलं?"

मुलगा विम्याचा एजंट होता. दगडालाही पॉलिसी विकेल अशी त्याची ख्याती होती. पण आईपुढे त्याची सगळी भाषणं पालथ्या घड्यावर पाणी ठरली. त्याने समजावलं, हात जोडले, एकदा तर आवाजही चढवला. तेव्हा आईने त्याला पाणी प्यायला दिलं आणि ती पुन्हा वाचत बसली.

मग त्याने मावशीला बोलावून घेतलं. धाकटी बहीण रडली की आई विरघळते, हा लहानपणापासूनचा अनुभव. मावशी उंबऱ्यातूनच रडत आत आली.

"ताई, माझ्यासाठी तरी ऐक गं!"

"तुझ्यासाठी ब्लाउज शिवून ठेवलाय. जाताना आठवणीने ने."

सूनबाईंनी शेवटचा उपाय म्हणून अबोला धरला. तो तर आईला फारच मानवला. वाचायला शांतता मिळाली.

त्या मासिकात एका यानाची हकिकत होती. कुठल्याशा दूरच्या ग्रहाच्या चंद्राकडे ते निघालं होतं. तो चंद्र बर्फाने मढलेला, आणि बर्फाखाली म्हणे समुद्र असावा. यान पोचायला अजून पाच वर्षं होती. आईला त्या यानाने झपाटून टाकलं. घरात ऑपरेशनवरून रडारड चाललेली असायची आणि ती मधेच विचारायची, "काय रे, आत्ता कुठवर पोचलं असेल ते?" मुलाने एकदा वैतागून "नाक्यापर्यंत" असं सांगितलं, तर ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

अंक वाचून वाचून पाठ झाला. मग एका सकाळी तिने तो मुलाच्या पुढ्यात ठेवला.

"याची वर्गणी भर. नंबर मागच्या पानावर आहे."

मुलाला भरून आलं. दुसरं काही ऐकत नाही, निदान एवढी हौस तरी पुरवावी. त्याने फोन लावला आणि आईला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून एका मुलीचा उत्साही आवाज आला.

"नमस्कार! वर्गणी किती मुदतीची हवी? एक वर्ष, तीन वर्षं की पाच वर्षं?"

हाच प्रश्न तो रोज लोकांना विचारायचा. मुदत जितकी लांब तितकी चांगली, हेही वर तोच सांगायचा. आज पहिल्यांदाच तो त्याला कुणी विचारला आणि त्याची बोबडी वळली.

"सध्या... एकच वर्ष," तो कसाबसा म्हणाला.

आईने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"एकच का?"

सूनबाई धुतलेला पेला पुन्हा धुवू लागल्या. परत जायला निघालेल्या मावशीने ब्लाउजचं पुडकं छातीशी धरलं. मुलगा छताकडे बघत म्हणाला, "म्हणजे, वर्ष संपलं की पुन्हा भरता येते ना, आई."

आईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. वाकडी शिवण बघावी तसं पाहिलं. इतके दिवस ही माणसं तिच्याशी भांडत होती, तेव्हा ती मजेत होती. आज पहिल्यांदाच त्यांनी तिचं म्हणणं मान्य केलं होतं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

तिने मुलाच्या हातातून फोन घेतला.

"बाळ, पाच वर्षांची लिही."

"आई, अगं..."

"तू गप रे. लिहिलंस का गं?"

"लिहिलं, आजी! आता पत्ता सांगा."

आईने घराचा पत्ता सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितला. मग मशीनचं चाक तिने उगीचच हाताने थोडं फिरवलं.

"पहिला अंक कधी येईल?"

"पुढच्या महिन्यात, आजी."

"मग तेवढा एक घरी नको धाडूस," आई म्हणाली. "तो हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठव. खोलीचा नंबर माझा मुलगा विचारून कळवेल."